खापरावरची चार अक्षरे



विषयाचे नाव वाचून तो फार रूक्ष असेल अशी आपली समजूत झाली असल्यास नवल नाही. म्हणून उत्खननापासून आरंभ न करता मी घरातल्या एका पातेल्यापासून आरंभ करतो.

आमच्या घरी एक मोठे पितळी पातेले होते. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी ‘ग. वा. जो.’ अशी अक्षरे घातलेली होती. आमचे आडनाव ‘जो’ने सुरू होत नाही आणि आमच्या कुळात कोणी ‘ग. वा.’ होऊन गेल्याचेही ऐकिवात नव्हते. आम्ही भावंडांनी त्यावर पुष्कळ तर्क लढवले. एकाने म्हटले, हे आजीच्या माहेरचे असेल. दुसऱ्याने म्हटले, कोणी लग्नात आहेर केला असेल आणि देणाराचे नाव घातले असेल. मी तर एका कर्तबगार पूर्वजाची सबंध कथाच रचली होती. अखेर आजीला विचारले. ती हसून म्हणाली, “अरे, ते शेजारच्यांचं. मुंजीच्या पंगतीला आणलं, पुढं त्यांची बदली झाली, आणि परत द्यायचं राहूनच गेलं!”

आम्ही अक्षरे बिनचूक वाचली होती. चुकला तो अर्थ. आणि तो सांगायला आजी होती म्हणून आमची चूक आम्हांला कळली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्याच्या तुकड्यावर अशीच चार अक्षरे ओरखडलेली सापडतात, तेव्हा सांगायला आजी नसते. मग अर्थ कशाच्या आधारे लावायचा, तो कोठवर लावता येतो आणि कोठे थांबावे लागते, हा आजचा विषय.

प्रथम हे ध्यानात घेऊ की खापर ही मोठी चिवट वस्तू आहे. ताडपत्र कुजते, भूर्जपत्र फाटते, लाकूड वाळवी खाते, तांब्यापितळेचे भांडे मोडीत जाऊन त्याचे दुसरे होते. मडके मात्र एकदा फुटले की त्याचे दुसरे काही करता येत नाही. ते उकिरड्यावर पडते आणि तेथेच शतकानुशतके राहते. शिवाय शिलालेख कोरवून घ्यायला राजा किंवा धनिक लागतो. मडक्यावर नाव ओरखडायला एक खिळा आणि चार अक्षरे येणारा माणूस एवढे पुरते. म्हणून ज्यांची नावे कोणत्याच बखरीत येत नाहीत, अशांची नावे पुष्कळदा खापरावरच भेटतात.

आता खापर हाती आल्यावर जाणता संशोधक पहिला प्रश्न विचारतो तो ‘काय लिहिले आहे?’ हा नव्हे. तो विचारतो, ‘केव्हा लिहिले?’ भांड्यावर लिहिण्याच्या वेळा तीन. पहिली, मडके ओले असताना, आव्यात भाजण्यापूर्वी. त्या वेळी टोकदार काडीने रेघ ओढली की मऊ माती दोन्ही बाजूंना सरते व बारीक कड उभी राहते. भाजल्यावर ती कड तशीच टणक होते. दुसरी वेळ, भाजून झाल्यावर. तेव्हाची रेघ उथळ, खरबरीत असते, वरचा चकाकता लेप कडेने टवके होऊन उडालेला असतो आणि आतला निराळा रंग दिसतो. तिसरी वेळ, मडके फुटल्यानंतर. तेव्हा तुकडाच पाटीसारखा वापरलेला असतो आणि मजकूर त्याच्या आकारात नीट बसवलेला दिसतो. पहिल्या दोन प्रकारांत मात्र मजकूर मध्येच तुटू शकतो, आणि ‘राम’ वाचले तरी ते ‘रामदास’चे आहे की ‘परशुराम’चे, हे सांगता येत नाही.

पहिल्या प्रकारातले अक्षर कुंभाराचे, किंवा त्याला आधी सांगून ठेवणाऱ्याचे. दुसऱ्यातले बहुधा मालकाचे किंवा व्यापाऱ्याचे. म्हणजे एकच नाव, पण रेघेची कड पाहून ते करणाराचे की वापरणाराचे हे ठरू लागते. एक अक्षरही न वाचता!

तिसऱ्या प्रकाराचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ग्रीस देशातील अथेन्सचे आहे. तेथे इ. स. पू. पाचव्या शतकात अशी रीत होती की, नगराला डोईजड वाटणाऱ्या माणसाला लोकांनी मत देऊन दहा वर्षांसाठी हद्दपार करावे. मतपत्रिका म्हणजे खापराचा तुकडा. त्यावर नको असलेल्या माणसाचे नाव ओरखडायचे. १९३७ साली ऑस्कर ब्रोनीर या संशोधकाला अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत अशी १९० खापरे एकत्र सापडली. बहुतेक सर्वांवर नाव एकच, थेमिस्तोक्लेसचे. सालामिसच्या आरमारी लढाईचा विजेता तो हाच. एकेक तुकडा वेगळा घेतला तर त्यातून एवढेच कळते की कोणा नागरिकाला थेमिस्तोक्लेस नको होता. पण सर्व तुकडे शेजारी मांडून अक्षराचे वळण पाहिले तेव्हा दिसून आले की ती १९० नावे अवघ्या १४ हातांनी लिहिलेली आहेत. म्हणजे कोणीतरी बसून मतपत्रिका आधीच तयार करून ठेवल्या होत्या. त्या विरोधकांच्या कटाने वाटण्यासाठी होत्या, की लिहिता न येणाऱ्यांच्या सोयीसाठी विकायला होत्या, याचे उत्तर खापरे देत नाहीत. पण प्रश्न कोणता विचारावा हे त्यांनी दाखवून दिले, आणि ते एकट्या खापराला कधीच जमले नसते.

ग्रीसमध्ये निदान लिपी आणि भाषा ठाऊक होती. आपल्या देशात मामला अधिक बिकट आहे. आपल्याकडील पुष्कळ खापरांवर अक्षरे नसतात, नुसत्या खुणा असतात. त्रिशूळासारखी, शिडीसारखी, बाणासारखी, फुलीसारखी. दक्षिणेत मोठमोठ्या शिळांची वर्तुळे रचून केलेली जी थडगी आहेत, त्यांतील काळ्या-तांबड्या भांड्यांवर त्या विशेष आढळतात. १९६० साली ब्रजबासी लाल यांनी या खुणांची सिंधुसंस्कृतीच्या व ताम्रपाषाण काळाच्या चिन्हांशी तुलना केली आणि थडग्यांतील ८९ टक्के चिन्हे त्या जुन्या काळापर्यंत मागे नेता येतात, असे दाखवले. आपल्या महाराष्ट्रातही, अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे, सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा आणि खापरे मिळाली आहेत. हा वाद जुना झालेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी सिंधू लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले, आणि त्याच सुमारास तेथील पुरातत्त्व विभागाने खापरांवरील खुणांचे सिंधू चिन्हांशी असलेले साम्य नव्याने मांडले.

साम्य आहे, हे खरे. पण साम्य म्हणजे काय, याचा विचार करायला हवा. धोबी कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करतो. दोन रेघा आणि एक ठिपका. त्या खुणेला निश्चित अर्थ आहे: हा कपडा अमक्या घरचा. पण ती खूण कोणत्याही भाषेतला शब्द नाही. तिचा उच्चार करता येत नाही. थडग्यातील अनेक भांड्यांवर एकच खूण असेल तर ती कुळाची किंवा मालकीची असावी, हे अनुमान रास्त आहे. तमिळनाडूतील कोडुमणल येथे अशा खुणा काही खापरांवर ब्राह्मी अक्षरांच्या शेजारीही दिसतात. म्हणजे लिहिता येऊ लागल्यावरही लोकांनी खुणा सोडल्या नाहीत. परंतु आकार जुळला म्हणून उच्चारही जुळला, असे म्हणता येत नाही. खिळ्याने मडक्यावर काढता येण्याजोगे सोपे आकार मुळात थोडेच. फुली आणि त्रिकोण काढायला कोणी कोणाकडून शिकावे लागत नाही.

मग न वाचलेल्या लिपीतून काहीच कळत नाही काय? कळते, पण हात आखडता घेऊन. राजस्थानातील कालीबंगन येथे एक खापर मिळाले. त्यावर सिंधू लिपीची चिन्हे इतकी दाटीने ओरखडली होती की एकाची रेघ दुसऱ्यावर चढली होती. ओल्या वाटेवरून दोन गाड्या गेल्या की मागाहून गेलेल्या गाडीची चाकोरी आधीच्या चाकोरीला कापून जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. लाल यांनी तेच पाहिले. डावीकडच्या चिन्हाची रेघ उजवीकडच्या चिन्हाला छेदत होती. अर्थात उजवीकडचे आधी लिहिले. १९६६ साली त्यांनी हा पुरावा मांडला आणि ती लिपी उजवीकडून डावीकडे लिहीत असत, या मताला प्रत्यक्ष आधार मिळाला. एकही उच्चार न कळता, केवळ रेघेवरची रेघ पाहून मिळालेला हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. कारण त्यात जेवढे दिसले तेवढेच सांगितले आहे.

आता वाचता येणाऱ्या लिपीकडे वळू. ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली उलगडली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९४५ साली, मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले. तेथे रोमन साम्राज्यातून आलेल्या भांड्यांच्या जोडीला ब्राह्मी अक्षरे ओरखडलेली खापरे निघाली. काही तमिळ, काही प्राकृत. पाचसहा अक्षरांवरून भाषा कशी ठरते? कधी एका अक्षरावरून. तमिळमध्ये असे काही वर्ण आहेत की जे अशोकाच्या ब्राह्मीत नव्हतेच. तमिळ लिहिणारांनी त्यांच्यासाठी नवी चिन्हे केली. १९२४ साली के. व्ही. सुब्रह्मण्य अय्यर यांनी ती ओळखली आणि दक्षिणेतील गुहालेख तमिळ आहेत हे दाखवले. असे चिन्ह खापरावर दिसले की भाषेचा निकाल लागतो. उलट नावाच्या शेवटी ‘स’ आला तर ती प्राकृतातली षष्ठी असण्याचा संभव: ‘अमक्याचा’ किंवा ‘अमक्याचे’. कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर ज्यांनी दात्यांची नावे पाहिली असतील, त्यांना हा ‘स’ परिचयाचा आहे.

तरीही एक पेच उरतो. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. शेवटचा अकार लिहिण्यात असतो, बोलण्यात नसतो, आणि आपल्याला त्याचे काहीच वाटत नाही. जुन्या तमिळ लेखकांना वाटत होते. त्यांनी निरनिराळ्या काळी निरनिराळे तोडगे काढले. एका पद्धतीत नुसते अक्षर म्हणजे हलन्त व्यंजन, आणि त्याला आकाराची मात्रा दिली की प्रसंगानुसार अकार किंवा आकार. त्यामुळे ‘मकन्’, म्हणजे मुलगा, हा साधा शब्द आपल्या नजरेला ‘माकान’ दिसतो. दुसऱ्या पद्धतीत मात्रा म्हणजे आकारच. पुढे हलन्त दाखवायला ठिपका आला. इरावतम् महादेवन यांनी या पद्धती वेगळ्या करून दाखवल्या तेव्हा पुष्कळ विचित्र वाचने सरळ झाली. पण त्यासाठी लेख जरा लांब लागतो. खापरावर तीनच अक्षरे असतील तर लिहिणारा कोणत्या पद्धतीचा, हे कशावरून ओळखावे? मग दोन वाचने संभवतात, आणि प्रामाणिक संशोधक दोन्ही नोंदवतो.

वाचनाकडून अर्थाकडे जाताना तांबड्या समुद्राच्या काठी जावे लागते. अरिकमेडूला आलेला रोमन माल ज्या बंदरांतून निघे, ती बंदरे इजिप्तच्या किनाऱ्यावर होती, आणि तेथेही ब्राह्मी अक्षरांची खापरे सापडली आहेत. कुसैर अल-कदीम येथे १९७८ ते १९८२ या काळात शिकागो विद्यापीठाने उत्खनन केले, त्यात ‘कणन्’ आणि ‘चातन्’ अशी दोन तमिळ नावे मिळाली. तेथेच एका खापरावर प्राकृतातली छोटी यादीही मिळाली. रिचर्ड सालोमन यांनी ती वाचली. माणसांची नावे षष्ठीत आणि पुढे तेल, मांस, मद्य अशी सामग्री. त्या माणसांत एक विण्हुदत, म्हणजे आपला विष्णुदत्त, आहे. दोन हजार वर्षांपूर्वी परक्या बंदरात कोणी कोणाला किती तेल दिले याचा हिशेब आपल्यासमोर आहे, आणि तो अशा प्राकृतात आहे की जिचा वारा आपल्या लेण्यांनाही लागलेला आहे.

पुढे त्याच बंदरात साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या उत्खननात एका रांजणाचा तुकडा मिळाला. त्यावर एकच मजकूर दोन बाजूंना दोनदा ओरखडलेला होता. २००७ साली महादेवन यांनी तो ‘पानै ओऱि’ असा प्रसिद्ध केला. ‘पानै’ म्हणजे मडके. ‘ओऱि’ हे ‘उऱि’चे रूप, आणि उऱि म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपले शिंके! शिंक्यात टांगायचे मडके, असा त्याचा अर्थ. कोशात शब्द सापडला तरी शिंके कसे असते हे ठाऊक नसणाऱ्याला या दोन शब्दांची संगती लागणे कठीण. गोपाळकाल्याची हंडी पाहिलेल्या माणसाला ती चटकन लागते. घरगुती वस्तूंचे ज्ञान हेही या शास्त्रात एक साधनच आहे.

आता सावधपणाची जागा. रांजण हिंदुस्थानात घडलेला आहे. त्यावर तमिळ अक्षरे आहेत म्हणून लिहिणारा तमिळ माणूस इजिप्तमध्ये उतरला होता, असे म्हणता येईल काय? एवढ्यावरून नाही. आमचे पातेले शेजाऱ्यांना मागे ठेवून आमच्या घरात राहिले. तसा रांजणही मालकावाचून समुद्र ओलांडू शकतो. याच्याशेजारी बेरेनिके या दुसऱ्या बंदरातले एक खापर ठेवू. ते १९९५ साली मिळाले. त्यावरही तमिळ ब्राह्मी अक्षरे आहेत आणि महादेवन यांनी त्यात कोट्रन या नावाच्या सरदाराचे नाव वाचले. परंतु हे खापर हिंदुस्थानी भांड्याचे नाही; ते रोमन मद्यकुंभाचे आहे. भूमध्य समुद्राकडचा कुंभ आणि तमिळ अक्षर यांची गाठ कोठेतरी पडली, आणि तुकडा सापडला इजिप्तच्या बंदरात. तेव्हा लिहिणारा तेथेच हजर होता, हे अनुमान येथे पुष्कळ बळकट होते. अक्षरे दोन्हीकडे तमिळच. फरक पाडला तो मातीने.

शेवटचा आणि सर्वांत तापलेला प्रश्न काळाचा. अशोकाचे लेख इ. स. पू. तिसऱ्या शतकातले. ब्राह्मी त्याआधी होती काय? पळणीच्या डोंगराच्या पायथ्याशी पोरुंदल येथे के. राजन यांनी एक थडगे उकरले. त्यात चार पायांच्या एका मडक्यात भात भरलेला होता, आणि भांडे टेकवण्याच्या मातीच्या बैठकीवर ‘वय्र’ अशी अक्षरे होती. भाताचा काळ प्रयोगशाळेने इ. स. पू. ४९० च्या आसपास ठरवला. मदुरेजवळच्या कीळडी येथे तर ३५३ सेंटिमीटर खोलीवरच्या एका कोळशाचा काळ इ. स. पू. ५८० आला, आणि २०१९ साली तमिळनाडूच्या पुरातत्त्व विभागाने तेथील लिपी सहाव्या शतकापर्यंत मागे नेली. काही लिपितज्ज्ञांनी त्यावर हरकत घेतली.

दोन्ही बाजू तोलताना एक गोष्ट विसरू नये. प्रयोगशाळा अक्षराचा काळ सांगत नाही. भाताचा किंवा कोळशाचा सांगते. त्या दोहोंचे नाते उत्खनन करणाराने सिद्ध करायचे असते. बंद थडग्यात भात आणि बैठक एकाच दिवशी ठेवली गेली असे म्हणता येते. म्हणून तेथे नाते घट्ट. वस्तीच्या थरांत लोक खड्डे खणतात, पाया काढतात, उंदीर बिळे करतात. कोळशाच्या वर सापडलेले खापर कोळशानंतरचे, इतके खरे. किती नंतरचे, हे एकटा कोळसा सांगत नाही. त्यात आणखी अडचण अशी की इ. स. पू. ८०० ते ४०० या काळात कार्बनमापनाची आलेखरेषा जवळजवळ सपाट आहे, आणि त्या चारशे वर्षांत नेमके साल पकडणे अवघड जाते. शिवाय ‘वय्र’ म्हणजे काय? प्राकृतात ‘वइर’ म्हणजे वज्र, हिरा. मग ते रत्न की माणसाचे नाव? आपल्याकडे हिरा दागिन्यात असतो आणि हिरा नावाची मुलगीही असते.

हे ऐकून कोणाला वाटेल की मी दक्षिणेकडील बंधूंच्या अभिमानावर पाणी ओतत आहे. तसे नाही. उद्या पैठणला किंवा तेरला चार जुनी अक्षरे निघाली, तर आपणही त्यांवर साम्राज्ये उभी करू. मोह सर्वांचा सारखाच. पण चार अक्षरांवर चारशे वर्षांचा भार टाकला की आधी अक्षरे मोडतात. लहान लेखाकडून मोठे उत्तर मागायचे नसते. लहान लेख पुष्कळ जमवायचे असतात. कोडुमणलला पाचशेंहून अधिक खापरे मिळाली म्हणून तेथे तमिळ नावांच्या शेजारी ‘विसाकी’सारखी प्राकृत वळणाची नावे दिसली आणि गावात परगावची माणसे ये-जा करीत होती, असे धीराने म्हणता आले.

यात आपल्यासारख्या नागरिकांचाही एक वाटा आहे. शेतात, नदीच्या दरडीत, विहिरीच्या मातीत कधी ओरखडे असलेले खापर दिसले, तर ते घासून धुऊ नका. ते कोठे, किती खोलीवर, कशाशेजारी होते हे लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवा. जागेवरून उचललेले व जागा विसरलेले खापर हे अनाथ मूल होय. त्याचे नाव वाचता येते. घर सापडत नाही.

आमचे ते पितळी पातेले आजही आहे. आजी गेली. तिची गोष्ट मी लिहून ठेवली नसती, तर नातवंडांनी उद्या पुन्हा ‘ग. वा. जो.’ या पूर्वजाची कथा रचली असती आणि त्यांना दोष देता आला नसता. आपण आज घरी जाल तेव्हा मांडणीवरचे एखादे नाव घातलेले भांडे खाली काढून पाहा. ते नाव घेणाराचे की देणाराचे, हयात माणसाचे की स्मरणार्थ, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. उत्तर मिळाले तर टिपून ठेवा. न मिळाले, तर खापर वाचणाऱ्याच्या जागी आपण क्षणभर उभे राहिलात असे समजा.